गोळीला वाट कोण सांगतं?

ऋजुताला पडलेला प्रश्न तसा साधा होता, पण तो विचारला की मोठी माणसं जरा थांबायची आणि मग दुसरंच काहीतरी बोलायला लागायची. निनादमामाचा खांदा मोडला होता. गोळी तो तोंडातून घेत होता. ती घशातून पोटात उतरत होती. आणि थोड्या वेळानं दुखणं थांबत होतं ते मात्र खांद्याचं. मग पोटातल्या गोळीला खांद्याची वाट सांगतं कोण?

पठारावर तेव्हा धुक्याचे दिवस होते. चिखलदऱ्याला पावसाळ्यात धुकं पूर्वीपासूनच उतरतं, पण ऋजुताचा जन्म होईपर्यंत माणसं ते धुकं धरायला शिकली होती. कड्याच्या काठानं उंच खांब उभे होते आणि खांबांमध्ये अगदी बारीक विणीची जाळी ताणलेली होती. दरीतून वर येणारं धुकं तिच्यातून गाळून निघे. धाग्याधाग्यावर थेंब जमत, पन्हळीत उतरत आणि नळांतून खालच्या तहानलेल्या गावांकडे जात. पठारावर कुठंही उभं राहिलं तरी ते ठिबकणं ऐकू येई. ढग एकमेकांच्या कानात काही सांगताहेत, असं ऋजुताला वाटे.

निनादमामा म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ. फाटलेली जाळी दुरुस्त करण्याचं काम त्याचं होतं. तो खांबावर चढू लागला की आधी त्याचं डोकं धुक्यात दिसेनासं व्हायचं, मग पाठ, शेवटी बूट. नंतर फक्त त्याचा आवाज वरून खाली येत राहायचा. एकदा असाच वर असताना वाऱ्याचा झोत आला. कमरेच्या दोरानं त्याला सावरलं, पण उजवा खांदा खांबावर जोरात आपटला. अमरावतीला शस्त्रक्रिया झाली, हाडाला धातूची पट्टी बसवली गेली आणि हात झोळीत अडकवून मामा बहिणीच्या घरी विश्रांतीला आला.

सोबत त्या गोळ्या होत्या. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की एक सकाळी आणि एक संध्याकाळी, जेवणानंतर. जास्तीची घ्यायची नाही आणि न विचारता दुसरं कुठलंही औषध सोबत घ्यायचं नाही. मामानं मान डोलावली होती. पण मामाचं सगळं लक्ष बाहेर, जाळ्यांकडे होतं. धुक्याचा हंगाम संपायच्या आत आपल्याला पुन्हा वर चढता यावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. आई पाणीघरात, जाळ्यांचं पाणी साठवतात तिथं, कामावर गेली होती. सकाळपासून धुकं इतकं दाट होतं की खिडकीबाहेरचं सिल्व्हर ओकचं झाडही दिसत नव्हतं. आपलं घर दोर सुटलेल्या होडीसारखं कुठंतरी तरंगत चाललंय, असं ऋजुताला वाटत होतं. मामाला सर्दी झाली होती आणि ओल्या हवेनं खांदा ठणकत होता. दुपारी तो स्वयंपाकघरात जाऊन आला आणि आरामखुर्चीत टेकला. ऋजुता जमिनीवर बसून चित्र काढत होती.

मामा तिला एक आठवण सांगू लागला. एकदा तो सगळ्यात उंच खांबाच्या टोकाला पोचला, तर धुकं त्याच्या पायांखाली राहिलं. वर स्वच्छ ऊन आणि खाली क्षितिजापर्यंत पांढरा समुद्र. त्या समुद्रातून डोंगरांची टोकं बेटांसारखी वर आलेली. तो फार हळू बोलत होता, जणू शब्द लांबून येत होते. "आणि मग त्या पांढऱ्यात..." असं म्हणून तो थांबला. ऋजुतानं वाट पाहिली. मामाचे डोळे मिटले होते. झोपला, असं समजून ती पुन्हा चित्राकडे वळली.

थोड्या वेळानं तिचा हात आपोआप थांबला. मामाचं घोरणं विचित्र वाटत होतं, घशात पाणी अडकावं तसं. मग तेही बंद झालं. श्वास बाहेर गेला आणि पुन्हा आत यायचं विसरला. खूप उशिरानं एक उथळ श्वास आला. ती उठून जवळ गेली. मामाचे ओठ जांभळे दिसत होते. तिनं हाक मारली, डावा हात हलवला. मामा हलला नाही.

तिच्या मनगटावरच्या पट्टीवरून आरोग्यकेंद्राशी बोलता येत असे. तिथं डॉक्टर यमुना बेठेकर होत्या. पठाराखालच्या एका कोरकू गावात त्या वाढल्या, औषधं शरीरात कशी वागतात याचा अभ्यास करायला दूरदेशी गेल्या आणि परत इथंच आल्या. पठारावर सगळे त्यांना यमुनाताई म्हणत.

"यमुनाताई, मामा उठत नाहीये. त्याचा श्वास मध्येच थांबतोय."

"मी आहे तुझ्याबरोबर," यमुनाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात घाई नव्हती. "जोरात हाक मार. छातीच्या मधल्या हाडावर मूठ ठेवून जोरानं चोळ. काही होतंय?"

मामानं भुवई किंचित आखडली, बस्स. यमुनाताईंनी विचारलं की तो दुखण्याची ती दोन औषधांची एकत्र गोळी घेतो ना. ऋजुता हो म्हणाली. मग यमुनाताईंनी सांगितलं की औषध घेऊन घार निघाली आहे आणि त्या स्वतःही गाडीत बसल्या आहेत. तोवर मामाला खुर्चीतून खाली सरकवून जमिनीवर उताणं झोपवायचं, हनुवटी वर उचलून मान थोडी मागं करायची. ऋजुतानं चटई ओढली, मामाच्या पाठीमागून हात घातले आणि कसंबसं त्याला खाली घेतलं. दुखऱ्या खांद्याला धक्का लागला तरी मामा कण्हला नाही, याचीच तिला जास्त भीती वाटली.

घार म्हणजे केंद्राचं छोटं उडतं यंत्र. त्याला डोळ्यांनी बघावं लागत नसे; रेडिओलहरी पुढं सोडून, त्या आपटून परत येतात त्यावरून ते वाट ओळखत असे. त्यामुळं धुकं त्याला अडवू शकत नव्हतं. ऋजुतानं दार उघडलं. बाहेर नुसता पांढरेपणा होता. मग त्या पांढऱ्यातून गुणगुणल्यासारखा आवाज आला आणि एक चिमुकला दिवा तिच्यासमोर येऊन तरंगू लागला. घारीच्या पोटाशी एक डबी होती आणि डबीत नाकात फवारायचं औषध.

"टोक एका नाकपुडीत पूर्ण आत घाल आणि खालचा दट्ट्या दाब," यमुनाताई म्हणाल्या. "एकदाच. घाबरू नकोस, त्यानं इजा होत नाही."

तिनं दाबलं. मग सांगितल्याप्रमाणं मामाला डाव्या कुशीवर वळवलं आणि त्याच्या तोंडाजवळ गाल नेऊन बसून राहिली. बाहेर जाळी ठिबकत होती. ते थेंब आणि मामाचे श्वास यांत आधी थेंबच पुष्कळ होते. मग एक मोठा श्वास आला. आणखी एक आला. ओठांचा जांभळेपणा हळूहळू उतरू लागला. मामानं डोळे उघडले, आपण कुठं आहोत ते त्याला कळेना. खांदा धरून तो कळवळला, आणि त्याच क्षणी ऋजुताला रडू फुटलं.

यमुनाताई आल्या तेव्हा मामा भिंतीला टेकून बसला होता. काय काय घेतलं, असं त्यांनी विचारलं. मामानं सांगितलं की खांदा फार ठणकत होता, म्हणून संध्याकाळची गोळी दुपारीच घेतली. तिनं लगेच बरं वाटेना, म्हणून वर आणखी एक घेतली. आणि सर्दीसाठी स्वयंपाकघरातल्या डब्यातल्या जुन्या गोळ्या घेतल्या. बहिणीला कशाला त्रास द्यायचा, म्हणून कुणाला विचारलं नाही.

यमुनाताई रागावल्या नाहीत. पण आत्ता बरं वाटत असलं तरी केंद्रात यावंच लागेल, असं त्यांनी निक्षून सांगितलं. नाकात फवारलेल्या औषधाचा जोर लवकर ओसरतो आणि गोळीचा जोर मागं उरतो, त्यामुळं श्वास पुन्हा मंदावू शकतो. मामा केंद्रात राहिला. आई धावत आली, आधी मामाकडे आणि मग ऋजुताकडे बराच वेळ बघत राहिली, आणि तिनं ऋजुताला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी मामाला धोका उरला नव्हता. ऋजुता त्याच्या खाटेशी बसली होती. तिच्या मनात एक गोष्ट सलत होती. मामाचा श्वास अडखळत होता तेव्हा ती शेजारीच बसून चित्र काढत होती. तिनं ते यमुनाताईंना सांगितलं. यमुनाताई म्हणाल्या की गाढ झोप आणि ही गुंगी लांबून सारखीच दिसते, भल्याभल्यांना फरक कळत नाही. तिला श्वास अडखळलेला ऐकू आला, म्हणून तर मामा आज इथं आहे. मग त्यांनी विचारलं की अजून काही विचारायचं आहे का. तेव्हा ऋजुतानं तिचा तो प्रश्न विचारला. यमुनाताईंनी विषय बदलला नाही. त्या उठल्या आणि तिला व मामाला आतल्या एका गोल, अंधाऱ्या दालनात घेऊन गेल्या.

दालनाच्या मधोमध अगदी तलम वाफ सोडलेली होती. यमुनाताईंनी मामाच्या तपासण्यांची माहिती यंत्राला दिली आणि वाफेत प्रकाश भरू लागला. आधी हाडं, मग हाडांभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं, मग मंद धडधडणारं हृदय. बघता बघता खोलीभर उंचीचा, प्रकाशाचा एक माणूस उभा राहिला. खांद्यात धातूची पट्टी चमकत होती. ही मामाची छायामूर्ती होती (माणसाच्या शरीरात काय चाललंय ते मोठं करून दाखवणारं प्रकाशचित्र). ऋजुतानं हात पुढं केला, तर तिची बोटं मामाच्या बरगड्यांतून आरपार गेली.

यमुनाताईंनी छायामूर्तीच्या पोटात एक गोळी सोडली. ती विरघळली आणि तिच्यातून दोन रंगांचे कण निघाले, निळे आणि पिवळे. आतड्याच्या भिंतीतून ते रक्तात शिरले आणि वाहू लागले. ऋजुता डोळे ताणून खांद्याकडे बघत राहिली. काही कण खांद्याकडे गेले. पण काही पायांच्या बोटांत गेले, काही मेंदूत, काही कानाच्या पाळीत. थोड्याच वेळात तो सगळा माणूस काजव्यांनी भरलेल्या झाडासारखा लुकलुकू लागला.

"म्हणजे गोळीला वाट माहीतच नसते," ऋजुता हळूच म्हणाली. "ती सगळीकडेच जाते."

"हो," यमुनाताई म्हणाल्या. "हे एक कळलं की बाकीचं सगळं कळतं."

मग त्यांनी निळे कण मोठे करून दाखवले. खसखशीच्या झाडाच्या कच्च्या बोंडाला चीर दिली की चीक पाझरतो, तीच अफू. माणसानं त्या चिकातल्या द्रव्यांवरून वेदना शमवणारी औषधं बनवली. त्यांना अफूवर्गीय औषधं म्हणतात, आणि निळे कण त्या कुळातले होते. मेंदूत आणि मज्जारज्जूत (पाठीच्या कण्यातून जाणारी मज्जातंतूंची जाड दोरी) पेशींवर छोट्या छोट्या जागा असतात. त्यांना ग्राही म्हणतात (ठरावीक रेणूच बसू शकेल अशी पेशीवरची बैठक). शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं बनवतं, त्यांच्यासाठी या बैठका मांडलेल्या असतात. निळे कण त्यांवर जाऊन बसतात. खांदा मेंदूकडे दुखण्याचा निरोप पाठवत असतो, पण वाटेतच तो क्षीण होतो. हाड तितकंच मोडलेलं असतं. फक्त त्याची हाक मंद होते.

"पण नेमक्या तशाच बैठका इथंही आहेत," असं म्हणत यमुनाताईंनी छायामूर्तीच्या मानेच्या वर, मेंदूच्या देठाशी बोट नेलं. तिथं एक इवलासा ठिपका लयीत उजळत होता. तो उजळला की छाती फुगे. हे श्वसनकेंद्र (आपण झोपलो तरी श्वास चालू ठेवणारा मेंदूचा भाग). रक्तात बाहेर टाकायचा वायू साठला की ते छातीला सांगतं, घे श्वास. निळे कण तिथं थोडे बसले तर काही बिघडत नाही. फार बसले तर त्या केंद्रालाच पेंग येते. यमुनाताईंनी आणखी निळे कण सोडले. मग सर्दीच्या गोळीतलं गुंगी आणणारं औषधही सोडलं. त्यातले कण वेगळ्या बैठकांवर बसले, पण पेंग वाढवायला त्यांनीही हातभार लावला. ठिपका विझत विझत गेला. प्रकाशाची छाती फुगायची थांबली.

मामानं नजर खाली वळवली. ऋजुतानं त्याचा डावा हात धरला.

यमुनाताईंनी नाकातून नवे पांढरे कण आत सोडले. हे नॅलोक्सोन, कालचं औषध. ते धावत जाऊन निळ्या कणांना बैठकांवरून उठवत होते आणि स्वतः तिथं बसत होते. ठिपका पुन्हा उजळला. पांढरे कण स्वतः काही काम करत नाहीत, नुसती जागा अडवून धरतात. म्हणूनच मामाचा श्वास परत आला आणि दुखणंही परत आलं.

आणि पिवळे कण? ते पॅरासिटामॉल होतं, ताप आल्यावर घरोघरी देतात तेच. दुखणं दोन निराळ्या वाटांनी अडवलं की दोन्ही औषधं थोडी थोडी पुरतात, म्हणून एकाच गोळीत दोघांची जोडी केलेली असते. पण पिवळ्या कणांना शेवटी यकृतात (पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांखाली असलेला, रक्तातलं नको ते निवडून काढणारा अवयव) जावं लागतं. तिथं त्यातल्या थोड्याशा भागाचं विष बनतं. यकृताजवळ ते विष निवळायचा साठा असतो, पण तो साठा बेताचाच. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, हे मामाला ठाऊक नव्हतं. दोन निराळ्या पाकिटांतून तेच औषध त्याच्या पोटात गेलं होतं. यकृताला इजा झाली तरी ते लगेच ओरडत नाही, म्हणून यमुनाताईंनी काल आणि आज पुन्हा रक्त तपासलं होतं. मामाचं यकृत सुखरूप होतं.

मामा म्हणाला, "यमुनाताई, मला ही गोळीच नको आता. दुखलं तर दुखू दे."

पण यमुनाताईंना तेही मान्य नव्हतं. दुखणं फार झालं की माणूस नीट झोपत नाही, खोल श्वास घेत नाही, हात हलवत नाही, आणि मग हाडही धड जुळत नाही. गोळी वाईट नव्हती, फक्त ती कुणीतरी मोजून दिलेली होती आणि मोजूनच घ्यायची होती. कमी पडतेय असं वाटलं तर जास्त घ्यायची नाही, विचारायचं. फार दिवस घेत राहिलं तर शरीराला तिची सवय होते, तेवढ्याच आरामासाठी जास्त मागू लागतं, मनही तिच्याकडे ओढ घेतं. मग एकाएकी सोडली तरी अंगाला फार त्रास होतो. म्हणून वाढवायची आणि थांबवायची वाट डॉक्टरांनाच विचारायची. पोट साफ होत नाही अशी तक्रार मामानं लाजत लाजत केली, तेव्हा यमुनाताई हसल्या. आतड्यातही त्याच बैठका असतात, तिथंही निळे कण बसतात आणि आतडीसुद्धा सुस्तावतात.

यमुनाताईंनी मामासाठी नवी आखणी केली. थोड्या दिवसांत अफूवर्गीय गोळी थांबली, साधी गोळी राहिली, शेक आणि व्यायाम सुरू झाले. गोळ्यांचं पाकीट आईनं कुलपाच्या कपाटात ठेवलं. मामाचं दुखणं अगदी गेलं नाही. पण तो आता ते लपवत नसे. आज जास्त दुखतंय, असं सरळ सांगे, आणि ऋजुता त्याच्याशी गप्पा मारत बसे. हंगाम मामावाचूनच गेला. जाळी दुसऱ्यांनी सांभाळली, नळांना पाणी आलं.

एके दिवशी धुकं विरळ झालेलं असताना मामानं उरलेल्या गोळ्या केंद्रात परत द्यायला बाहेर काढल्या. उरलेली अशी औषधं घरात ठेवायची नाहीत, कचऱ्यातही टाकायची नाहीत, केंद्र ती नीट नष्ट करतं, असं यमुनाताईंनी सांगितलं होतं. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या शेवंताकाकू आल्या. एका हातानं त्यांनी गुडघा धरला होता. पाकीट बघून त्यांचे डोळे चमकले.

"निनाद, ह्याच त्या गोळ्या ना, दुखणं पळवणाऱ्या? मले दे ना बाप्पा एक. पायरी चढता येत नाही."

मामा स्वभावानं मऊ. मामा आजारी असताना काकूंनी रोज भाकरी करून पाठवली होती. त्यांना नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. त्याचा हात पाकिटाशी घुटमळला.

"काकू, ती नका घेऊ," ऋजुता म्हणाली.

काकूंना ते लागलं. एका गोळीनं काय होते, असं त्या पुटपुटल्या. ऋजुतानं त्यांना खाटेवर बसवलं आणि स्वतः खाली बसली. काकू झोपेसाठी एक गोळी घेतात, हे तिला माहीत होतं. ती गोळीही मेंदूला पेंग आणते, आणि दोन्ही एकत्र आल्या तर त्या दिवशी मामाला झालं तसं होऊ शकतं, असं तिनं सांगितलं. ही गोळी मामाच्या खांद्यासाठी, मामाचं वजन आणि मामाचं रक्त बघून दिलेली होती. काकूंचा गुडघा कशानं दुखतो, ते अजून कुणी पाहिलेलंच नव्हतं.

"तुमचं दुखणं खोटं नाही काकू," ती म्हणाली. "पण ते यमुनाताईंना दाखवू या. आम्ही तिकडंच चाललोय."

काकू थोडा वेळ रुसून बसल्या. मग त्यांनी पदर खोचला.

तिघं हळूहळू चालत निघाली, कारण काकूंना भरभर चालवत नव्हतं. धुक्याच्या विरत्या पडद्यातून ऊन गाळून येत होतं. केंद्रात मामानं पाकीट दिलं. यमुनाताईंनी काकूंचा गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला, तपासण्या केल्या, त्यांची सगळी औषधं विचारून घेतली. वेदनेची वाट तेवढी अडवेल आणि श्वासाला हातही लावणार नाही, असं औषध शोधायचं काम जगभर चाललंय आणि त्यातला एक धागा आपल्या याच केंद्रात विणला जातोय, असं त्या बोलता बोलता म्हणाल्या. सुट्टीच्या दिवशी मी मदतीला येऊ का, असं ऋजुतानं विचारलं. यमुनाताईंनी तिला दालनाची कळ दाबायला सांगितली.

वाफेत प्रकाश भरू लागला. हाडं उमटली, झिजलेला गुडघा उमटला, रक्ताच्या हजारो बारीक वाटा उजळल्या, हृदय धडधडू लागलं आणि मानेच्या वर तो इवलासा ठिपका लयीत लुकलुकू लागला. शेवंताकाकू दारातच थबकल्या. जन्मभर शेतात आणि चुलीपाशी राबलेलं आपलं शरीर त्या पहिल्यांदाच आतून बघत होत्या. गुडघ्यावरचा हात त्यांनी काढला आणि सावकाश छातीशी नेला.

"इतकं सारं," त्या म्हणाल्या, "माह्या आत आहे?"